व्याह्यांचं हिरवं पेन

त्यांना सगळे कवळीवाले म्हणत. खरं नाव पाटीवर होतं, पण पाटी लावली होती गल्लीच्या आतल्या अंगाला, आणि तिथवर पोचणाऱ्याला तिची गरज उरत नसे. दातांचे डॉक्टर मापं पाठवत आणि कवळीवाले कवळ्या बनवत. खिडकीशी लांब टेबल, त्यावर ओळीने मांडलेले प्लॅस्टरचे जबडे, मेणाच्या वड्या, एक घुरघुरणारी मोटर आणि तिच्यावर पॉलिशचं कापडी चाक. आयुष्यभर दुसऱ्याच्या तोंडाची काळजी वाहणारा हा माणूस स्वतः मात्र तोंड फारसं उघडत नसे.

त्यांना नाद दोन. शाईची पेनं आणि मनगटी घड्याळं. बायको म्हणायची, "अहो, कुठला तरी एकच धरा. दोन दगडांवर पाय कशाला?" यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "हे दोन नाद नाहीतच गं. उजव्या हाताला पेन, डाव्याला घड्याळ. नाद एकच, हात दोन." आणि ते खोटंही नव्हतं. दोन्हींना तेच भिंग लागे, तोच चिमटा, तेवढाच स्थिर हात. एखादं पेन रुसून बसलं, शाई सोडेना, की त्याला पाण्यात भिजत घालायचं आणि तोवर घड्याळांना चाव्या देत बसायचं. चाव्या संपेपर्यंत पेनाचा रुसवाही गेलेला असे.

त्यांनी जोड्याच लावल्या होत्या. काळ्या पेनाशेजारी पांढऱ्या डायलचं घड्याळ, लालसर पेनाशेजारी तांबूस काट्यांचं. सगळ्या जोड्या काचेच्या कपाटात, निळ्या मखमलीवर. कपाटाला कुलूप. रविवारी सकाळी ते उघडत आणि जेवणाची हाक येईपर्यंत पुसत बसत. मुलगी लहानपणी जवळ घुटमळायची, तेव्हा ते मान वर न करता म्हणायचे, "लांबून बघ हं. हात नको." ती काही दिवस लांबून बघत राहिली, मग बघेनाशी झाली. पोरीला यातली आवड नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं.

एकच घड्याळ त्या कपाटात एकटं होतं. गडद हिरव्या डायलचं, शेवाळी रंगाचं. तसलं पेन त्यांनी किती ठिकाणी शोधलं असेल! एक फार पोपटी निघे, दुसरं निळ्याकडे झुकलेलं. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा बायको म्हणाली, "पोरीचं जमलं एकदाचं. आता तुमच्या त्या घड्याळाचं तेवढं कुठे जमवा."

जावई साधा, मोजकं बोलणारा. त्याचे वडील मात्र एकदम उलट. पोहायला शिकवणारे होते ते. रुंद खांदे, पाण्यापलीकडे आवाज पोचवायची सवय असल्यामुळे घरातही ओरडूनच बोलायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत. लग्नानंतर पहिल्यांदा कवळीवाले बायकोसह व्याह्यांकडे दुपारी जेवायला गेले तेव्हा हात धुता धुताच मास्तर म्हणाले, "व्याहीबुवा, तुम्हालाही घड्याळांचं वेड आहे म्हणे! सूनबाई सांगत होती. अहो, आपण एकाच पंथातले!"

आणि त्यांनी पलंगाखालून एक चपलांचं खोकं आणि एक बिस्किटांचा डबा ओढून काढला. खोक्यात पेनं, डब्यात घड्याळं.

कवळीवाल्यांच्या काळजात चर्र झालं. पेनं एकमेकांवर आपटत होती. घड्याळांचे पट्टे एकमेकांत अडकून गुंता झाला होता. आणि आपली मुलगी, कपाटाकडे ढुंकून न बघणारी आपली मुलगी, त्या खोक्यासमोर फतकल मारून बसली होती!

"अप्पा, ते निळं कुठंय? काल मी भरलं होतं ते?" तिने सासऱ्यांना विचारलं.

"शर्टाच्या खिशात. गळतंय अजून. हे बघ!" मास्तरांनी छातीवरचा डाग एखाद्या पदकासारखा दाखवला.

ती खळखळून हसली. तिच्या बोटांना शाई लागली होती. ती बोटं तिने खुशाल खोक्याला पुसली. कवळीवाले बघतच राहिले. आपल्या घरी ही असं कधी हसली होती? आठवून बघितलं, आठवेना.

तेवढ्यात ते पेन दिसलं. गडद हिरवं, शेवाळी, स्टीलचं टोपण. हुबेहूब तोच रंग. मुलीने ते उचललं, टोपण फिरवून काढलं आणि जवळच्या जुन्या वर्तमानपत्रावर वाण्याकडून आणायच्या सामानाची यादी करायला घेतली. साबण, मीठ, काडेपेटी. निब अशी दाबत होती की जणू खिळा ठोकायचाय.

"हे सूनबाईचं आवडतं," मास्तर म्हणाले. "देऊन टाकलंय तिला."

देऊन टाकलंय! नंतर पानावर बसल्यावर कवळीवाल्यांनी निम्मं जेवण तसंच टाकलं. विहीणबाईंना वाटलं, जेवणात काही कमी पडलं.

परतताना सगळ्या रस्त्याने ते धुमसत होते. घराचं कुलूप उघडताच सुटले. "चपलांच्या खोक्यात ठेवतो माणूस! खोक्यात! त्याला पेनातलं कळतं का काही? घड्याळाला तेल कधी दिलं असेल का?"

"अहो, पण पोरगी किती खूश दिसली," बायको म्हणाली.

"खूश असू दे की. मी काय नको म्हणतोय? मी फक्त म्हणतोय, निब अशी दाबायची नसते."

बायकोने पदराआड हसू लपवलं. "तुमचं पोट पेनासाठी दुखतंय की व्याह्यांसाठी, ते तरी नक्की करा."

"माझं पोट बिलकुल दुखत नाहीये," ते म्हणाले आणि त्या रात्री न जेवताच झोपले.

त्यानंतर मास्तरांचा विषय निघाला की त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबत. मुलगी फोनवर आईशी बोलायची आणि दर दोन वाक्यांआड अप्पा यायचे. अप्पांनी घड्याळ उघडून दाखवलं. अप्पांनी सांगितलं, शाई आणि वेळ, दोन्ही वाहत्या असतात, म्हणून पेन नि घड्याळ एकाच माणसाला शोभतात. कवळीवाल्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. इतकं सुंदर वाक्य त्या आरडाओरड करणाऱ्या माणसाला सुचावं? आपण इतकी वर्षं नुसतं उजवा हात, डावा हात करत बसलो. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काय खोटं?

मग एके दिवशी दुपारी मास्तर स्वतःच कवळ्यांच्या कारखान्यात आले. प्लॅस्टरच्या जबड्यांकडे बघून म्हणाले, "बापरे, सगळे माझ्यावरच हसतायत!" आणि खिशातून रुमालात गुंडाळलेलं हिरवं पेन काढलं. दांडीला लांब चीर गेली होती. मुलीच्या हातून फरशीवर पडलं होतं.

"बिचारी रडवेली झालीय. म्हटलं, रडतेस काय, तुझे बाबा आहेत ना! कवळ्या जोडतात, त्यांना हे काय अवघड? तिला तर वाटत होतं तुम्ही रागवाल. तिने यायचं टाळलं, मला पाठवलं."

कवळीवाल्यांनी पेन हातात घेतलं. रंग हातात घेतल्यावर आणखीच खोल वाटला. "बघतो," ते म्हणाले. "वेळ लागेल."

वेळ काही लागला नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी चीर भरली, घासली, कापडी चाकावर पॉलिश केली. भिंगाखाली धरलं तरी सांधा दिसेना. निबही सरळ केली. मग ते घरी नेलं, कपाट उघडलं आणि हिरव्या घड्याळाशेजारी ठेवून पाहिलं. जमलं होतं. असं जमलं होतं, की बाकीच्या जोड्या त्यापुढे नुसत्या ओळखीच्या वाटाव्यात.

आठवड्याने मास्तरांचा फोन आला. "झालं का हो?"

"नाही अजून. सांधा धरत नाहीये."

पुढच्या आठवड्यात पुन्हा. "चुकीचा रंग आला. परत करावं लागेल." त्यानंतर म्हणाले, सामान मिळत नाहीये. साध्या माणसाला खोटं बोलणं एकदा जमलं की पुढचं आपोआप जमत जातं. मास्तर प्रत्येक वेळी म्हणत, "सावकाश होऊ द्या, काही घाई नाही," आणि तो समजूतदारपणा कवळीवाल्यांना खोटं बोलण्यापेक्षा जास्त टोचे. रविवारी कपाटासमोर बसत तेव्हा जोडीकडे बघून सुख व्हायला हवं होतं. व्हायचंही थोडं. पण पेन हातात घेतलं की लिहावंसं वाटेना. लिहिणार तरी काय?

अशाच एका रविवारी मुलगी न कळवता आली. आईला बरं नव्हतं, म्हणून डबा घेऊन आली होती. कपाट सताड उघडं होतं. आत पाऊल टाकलं आणि तिला दिसलं.

"झालं की!" ती आनंदाने म्हणाली. मग वडिलांचा चेहरा बघितला, मखमलीत पेनासाठी कापलेला बरोब्बर मापाचा खळगा बघितला. तिचा आवाज खाली आला. "बाबा, हे कधी झालं?"

त्यांनी हातातल्या पुसायच्या कापडाची घडी घातली.

"तुम्ही मागितलं असतंत तर अप्पांनी हसत दिलं असतं."

"तेच नको होतं मला," कवळीवाले म्हणाले. "त्यांनी हसत दिलेलं नको होतं."

"म्हणजे काय?"

आता मात्र बांध फुटला. "म्हणजे काय विचारतेस? त्या खोक्याशी जाऊन फतकल मारून बसतेस! अप्पा असं म्हणाले, अप्पा तसं म्हणाले. इथे अख्खं कपाट आहे, तुझ्या बापाचं. कधी येऊन बसलीस माझ्याजवळ?"

"तुम्ही कधी बसवलंत?"

ती ओरडली नाही. साधंच विचारलं. आतल्या खोलीतून आईच्या खोकल्याचा आवाज आला. कवळीवाल्यांनी खळग्यातून पेन काढून तिच्यापुढे धरलं.

"मी त्यांना सांगणार नाही," मुलगी शेवटी म्हणाली. "पण पेनही नेणार नाही. तुम्ही नेऊन द्या. काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा."

दुसऱ्या दिवशी ते पोहण्याच्या तलावावर गेले. ओल्या फरशीवर बूट घालून जाऊ देईनात, म्हणून बूट हातात घेऊन. मास्तर काठावर उभे राहून पाण्यातल्या पोरांवर ओरडत होते. व्याह्यांना अनवाणी येताना बघून धावत आले. "काय हो, सगळं ठीक?"

वाटेत कवळीवाल्यांनी एक बरं दिसणारं खोटं तयार केलं होतं. ते ओठांवर आलं आणि तिथेच विरलं. त्यांनी पेन पुढे केलं. "तुम्ही आणून दिलंत त्याच संध्याकाळी हे झालं होतं. मी ठेवून घेतलं."

त्यांना वाटलं, हा माणूस आता गडगडाटी हसणार. पाठीवर थाप मारणार. म्हणणार, ठेवा हो, त्यात काय एवढं! त्या थापेचीच त्यांना धास्ती होती.

पण मास्तर हसले नाहीत. त्यांनी पेन घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं. त्यांचा चेहरा लाल झाला.

"मी तिकडे सुनेची समजूत काढत होतो, आणि तुम्ही?" ते हळू आवाजात म्हणाले. त्यांचा हळू आवाज कवळीवाल्यांनी पहिल्यांदाच ऐकला. "माझ्या सगळ्या पेनांत हे मला सगळ्यात प्रिय. तिला द्यायचं ठरवायला मला किती जड गेलं, माझं मला माहीत. आणि तुम्ही खुशाल दाबून ठेवलंत?"

"चुकलं माझं."

"चुकलंच." मास्तरांनी पेन रुमालात नीट गुंडाळलं, छातीच्या खिशात ठेवलं, खिशाचं बटण लावलं आणि पाठ फिरवून पोरांवर ओरडायला लागले.

कवळीवाले बूट हातात घेऊन बाहेर आले. लाज वाटत होती, खूप वाटत होती. पण तिच्या तळाशी काहीतरी हलकं हलकंही वाटत होतं. म्हणजे याचाही जीव अडकतो तर. यालाही द्यायला जड जातं. इतके दिवस ते ज्या माणसावर जळत होते, तो माणूस कधी नव्हताच.

दोन्ही घरांत काही काळ हवा गारच राहिली. विहीणबाई आणि बायको फोनवर हवापाण्याचंच बोलत. मुलगी मात्र पुढच्या रविवारी आली, त्याच्या पुढच्याही. कवळीवाल्यांनी तिच्यापुढे कपाट उघडलं. "घे हातात," ते म्हणाले. तिने एक पेन घेतलं. भरताना शाई सांडली, ती थेट मखमलीवर. त्यांनी दात आवळून धरले, कपाळाची शीर टरारली, पण शब्द काढला नाही.

"अप्पा इतक्या वेळा पुसत नाहीत," ती म्हणाली.

"अप्पांकडे मखमल नाही," ते म्हणाले. बोलून झाल्यावर त्यांना आपलंच हसू आलं, आणि ती तर हसतच सुटली.

पुढे एकदा मास्तरांचाच फोन आला. आवाज पुन्हा पूर्वीसारखा मोठा. "व्याहीबुवा, जुन्या बाजारात येताय का? एकट्याने गेलं की घासाघीस करायला मजा येत नाही."

दोघे गेले. एका माणसाने चादरीवर घड्याळं मांडली होती. त्यांत एक छोटं, चौकोनी, राखाडी डायलचं. दोघांनाही ते एकाच क्षणी दिसलं. दोघेही ते दिसलंच नाही असं दाखवत दुसऱ्याच घड्याळांची चौकशी करू लागले. मग कवळीवाले वाकले, पण मास्तरांचा हात पोहणाऱ्याचा. लांबून आला आणि घेऊन गेला.

येताना बसमध्ये मास्तर ते मनगटावर बांधून पुन्हा पुन्हा बघत होते. "घालून बघायचंय?"

"नको."

"जळताय होय?"

"जळतोय की," कवळीवाले खिडकीबाहेर बघत म्हणाले. "का जळू नये?"

मास्तर इतके मोठ्याने हसले की कंडक्टरने मागे वळून पाहिलं. "जळा, जळा. तुमच्या कपाटासमोर मी उभा राहतो तेव्हा माझं काय होतं, ते तुम्हाला काय ठाऊक!"

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "काय मिळालं?"

"मला काही नाही. त्याला मिळालं. बरं आहे, पण ठीकच." त्यांनी चपला काढल्या, पाणी प्यायले आणि जरा वेळाने समाधानाने म्हणाले, "पैसे देताना त्याने धरायला दिलं, तेव्हा कानाला लावून ऐकलं मी. लंगडतंय. रोज मागे पडणार, बघशील तू."

आणि त्या दुपारी त्यांना फार छान झोप लागली.