ब्युरेटबाई आणि नणंदेचा आलेख

व्हिनेगरच्या कारखान्यात तिला सगळे ब्युरेटबाई म्हणत. सतरा वर्षं तिचं काम एकच: ब्युरेट नावाच्या तोटीच्या उभ्या काचनळीतून थेंब थेंब अल्कली सोडायची, खालचा व्हिनेगरचा फ्लास्क हलवत राहायचं आणि गुलाबी छटा टिकली की आकडा लिहायचा. "अर्धा थेंबसुद्धा कळतो बाईंना," असं साहेब पाहुण्यांना सांगायचे.

मग तिची धाकटी नणंद त्याच प्रयोगशाळेत लागली. शब्द ब्युरेटबाईनेच टाकला होता. नणंदेने संगणकावर नवं सॉफ्टवेअर आणलं. आम्लं कोणती नि किती, अल्कली किती तीव्र, एवढं भरलं की ते सगळा रासायनिक समतोल सोडवून पीएचचा अख्खा आलेख काढायचं, एक थेंब न सांडता. साहेब आता पाहुण्यांना नणंदेच्या टेबलाशी नेऊ लागले. ब्युरेटबाईच्या पोटात दुखू लागलं. घरी नवऱ्याने बहिणीचं कौतुक काढलं की हिच्या हातून भांडी जरा जोरातच आपटायची.

एका सोमवारी आलेख जुळेना. पडद्यावरची रेघ शेवटी ताडकन वर जायची, खऱ्या टायट्रेशनची, म्हणजे थेंब मोजून काढलेली, मात्र रेंगाळायची. नणंदेने आम्लांचे आकडे दहादा बदलले. साहेब म्हणाले, "गुरुवारपर्यंत बघू, नाहीतर गुंडाळा हे."

ब्युरेटबाईला कारण त्याच दिवशी उमगलं होतं. गुलाबी रंग यायचा नि मिनिटात विरायचा. अल्कलीच्या बाटलीचं बूच सैल होतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने आत कार्बोनेट झालं होतं, म्हणून खरी रेघ रेंगाळत होती. पण ती मूग गिळून बसली. मनातून तिला बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची लाजही वाटत होती.

बुधवारी नणंद डबा न उघडताच बसलेली दिसली.

"जेव आधी."

"नको वहिनी. तुझ्या शब्दावर घेतलं मला. आता तुझीच मान खाली जाणार."

ब्युरेटबाईने डबा उघडून तिच्यापुढे ठेवला. मग म्हणाली, "अल्कलीतलं कार्बोनेट धरलंस का? बाटलीचं बूच सैल आहे. सोमवारपासून माहितीये मला."

"सोमवारपासून?"

"हो."

नणंद पडद्याकडे वळली. तिने सॉफ्टवेअरमध्ये कार्बोनेटही भरलं आणि दोन्ही रेघा एकीवर एक बसल्या.

गुरुवारी ती साहेबांना म्हणाली, "चूक वहिनीने पकडली. मला सुचलं नसतं." उशिराबद्दल चकार शब्द काढला नाही. ब्युरेटबाई हसली, पण आतून जळतच होती. एवढा मोठेपणा या पोरीला जमतो तरी कसा?

महिन्याभराने ती खुर्ची ओढून नणंदेशेजारी बसली. "शिकव मला."

नणंदेने माउस तिच्याकडे सरकवला. दोघींचं बोलणं पूर्वीसारखं व्हायला मात्र बरेच दिवस गेले.