लेसिएली आत्याच्या पाती

आमच्या बेटावर रेडिओ आहे, पण हवामानाच्या बाबतीत त्याचं कुणी ऐकत नाही. तो रोज एकच सांगतो, "काही भागांत ऊन, काही भागांत सरी." यात चुकायला जागाच कुठं आहे? म्हणून सकाळी उठल्यावर सगळे लेसिएली आत्याच्या अंगणाकडे बघतात. आठवडाभर समुद्रात भिजवून पांढऱ्या केलेल्या केवड्याच्या पाती तिनं गवतावर पसरल्या, की होड्या निघतात, क्रिकेटच्या बॅटी बाहेर पडतात. पाती घरात, तर माणसंही घरात. वाळत घातलेल्या पातीवर पावसाचा शिंतोडा पडला तर डाग उठतो, आणि डागाची चटई विणणाऱ्यांतली आत्या नाही.

या फेब्रुवारीत, ऐन वादळांच्या दिवसांत, सोमवारी लख्ख ऊन पडलं आणि आत्यानं पाती काढल्याच नाहीत. मंगळवारी ऊन आणखी लख्ख, तरी पाती घरातच. घामानं निथळत अख्खं गाव दारं लावून पावसाची वाट बघत बसलं. पलीकडच्या गावची टीम मॅचला आली, रिकामं मैदान बघून पोट धरून हसली आणि परत गेली. मी आमचा कॅप्टन. लाजेनं मला जेवण गेलं नाही.

"आत्याला काहीतरी दिसतंय," होडीवाला फेलेती म्हणाला. "आपल्याला दिसत नाही, एवढंच."

मला मात्र दिसत होतं. माझी धाकटी बहीण पिसिला, जिला आत्यानंच वाढवलं, ती नर्सिंग शिकायला फिजीला निघाली होती. शुक्रवारी सकाळी मोठ्या बेटावरून विमान, आणि तिथवर जायला फेलेतीची होडी, दुसरं काही नाही. विमान चुकलं तर कॉलेजातली जागा गेली.

मी वडिलांना गाठलं. त्यांनी घसा खाकरला तरी गावातली डुकरं कुंपणाबाहेर पळतात. पण आमच्याकडे बहिणीपुढं भावाची मान खालीच.

"तुम्ही सांगा ना तिला."

"मी? ताईला? तू सांग."

"मी? आत्याला?"



बोलली शेवटी पिसिलाच. बुधवारी संध्याकाळी आत्या रताळी सोलत होती, तिच्यासमोर ती फतकल मारून बसली.

"आत्या, उद्या पाऊस आहे?"

"असेल."

"तीन दिवस हेच चाललंय तुझं."

"फेब्रुवारी आहे बाई. मी काय करू?"

"ठीक आहे, नाही जात. इथंच बसते चटया विणत. आणि रोज तुझ्यावर चिडते. चालेल?"

आत्यानं सुरी खाली ठेवली. "तू विणणार? तुझ्या चटईवर कोंबडी तरी बसेल का?" एवढं बोलून ती आत गेली. रताळी तशीच राहिली.

गुरुवारी पूर्वेला करडा पट्टा होता. मला तरी ती सकाळ काही खास वाटेना. पण आत्याच्या अंगणात पातीच पाती! पिसिलाच्या लग्नातल्या चटईसाठी राखून ठेवलेल्या, सगळ्यांत पांढऱ्या, त्यासुद्धा. फेलेतीनं त्या बघितल्या आणि लगेच इंजिन सुरू केलं. गाव दारं उघडून बाहेर पडलं. पिसिला आत्याच्या गळ्यात पडली, होडीत बसली आणि गेली.

होडी अजून दिसत होती, तेवढ्यात पहिले थेंब आले. मी पाती गोळा करायला धावलो.

"हात लावू नकोस!" आत्या ओरडली.

"अगं, भिजतायत!"

"भिजू देत. फेलेती मागं बघत असेल. पाती उचललेल्या दिसल्या तर ते भित्रं येईल परत."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"नुसती सर आहे. वारा नाही. पोर नीट पोचेल."

पाऊस वाढला. त्या पातींवर डाग उठत होते आणि आत्या पायरीवर बसून उघड उघड रडत होती. मला तिचा इतका राग आला होता तीन दिवस, आणि आता मी तिच्याशेजारी पायरीवर बसलो. होडी ठिपक्याएवढी झाली.

"आता उचलू? एवढ्या लांबून फेलेतीला काय दिसणार?"

"त्याला नसेल दिसत," ती म्हणाली. "पण पिसिलाची नजर चांगली आहे."