पायलच्या व्हिडिओतले मुखवटे

गाव सोडलं त्या दिवशी मी रडले नाही. लेकाची गाडी दारात उभी होती आणि मी आत महालक्ष्म्यांचे पितळी मुखवटे बांधत होते. पेटीत तांदूळ, तांदळात मुखवटे, वर नवऱ्याच्या जुन्या धोतराचं फडकं आणि त्यावर लाल दोरा. नवरा गेल्यावर गावात माझं एवढंच काम उरलं होतं. पेटी जावेच्या हवाली केली, म्हटलं, "भादव्यात मांडत जा." लेक म्हणाला, सोबतच ने की. सासू म्हणायची तेच मी म्हणाले, "महालक्ष्म्या वेस ओलांडत नाहीत. माणसं जातात, त्या राहतात." पवनीजवळच्या त्या गावातून मी रायपूरला आले ती अशी.

लेक उरला या कारखान्यांच्या भागात, लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये; घर जवळच भनपुरीत. दिवसभर ट्रक. सकाळी पुसलेली खिडकी दुपारी पुन्हा पुसा. तिकडे अंगण सारवायची, इथे फरशीवर मॉप फिरवते. नात मिनीला मराठी समजतं, पण उत्तर हिंदीत, अर्धं इंग्रजीत. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला घरातलंच बोलणं कळेना.

ते मला पायलनं शिकवलं. पायल म्हणजे माझ्या पुतण्याची बायको, त्याच जावेची सून. ती आणि पुतण्या गावातल्या घरात गमतीचे व्हिडिओ काढतात आणि त्यातून इंग्रजी शिकवतात. पुतण्या शेणावरून घसरतो, पायल म्हणते 'स्लिप'. ताक सांडतं, 'स्पिल'. माझी जाऊ झाडू घेऊन मागे धावते, 'ब्रूम'. मिनीच्या फोनवर मी हे पाहायची. एकदा दुधाची पिशवी फुटली आणि मी 'स्पिल' म्हणाले. मिनी बघतच राहिली. "आजी, आपको आता है?"

यंदा उन्हाळ्यात नवा व्हिडिओ आला. शब्द चेहऱ्याचे. पायलनं पेटी उघडली. माझं फडकं, माझा लाल दोरा, आणि गाठही माझीच. मी डावरी आहे, माझ्यासारखी गाठ त्या घरात कोणाची बसत नाही. पायलला ती सुटेना. तिनं कात्रीनं कापली. मग ज्येष्ठेला मांडीवर घेऊन तिच्या नाकावर बोट ठेवलं, 'नोज'. पुतण्यानं कनिष्ठेला गॉगल लावला. खाली कमेंटमध्ये लोक हसत होते.

गॉगल पाहून मी ओरडले. पण मिनीला व्हिडिओ मागे घ्यायला लावला तो गाठीसाठी. गाठ तशीच होती, म्हणजे मी निघाल्यापासून पेटी कोणी उघडलीच नव्हती. आणि जाऊ दर भादव्यात फोनवर सांगायची, "बसल्या बाई. पुरण जेवल्या. आंबीलही केली." मी इथून फोनलाच हात जोडायची.

लगेच तिला फोन लावला. "काहून वं, खोटं काहून बोलली?"

ती म्हणाली, "तुम्ही आल्या का एकदा तरी? कधी पोट्टीची परीक्षा, कधी लेकाची शिफ्ट. माझे गुडघे उठू देत नाहीत, सोळा भाज्या कोण चिरते? तुमचा जीव दुखू नये म्हून सांगत होती."

"अन् देवीले गॉगल?"

"तेवढा तरी उजेड पाहिला त्यायनं."

ज्यांच्या नावानं अर्धं गाव जेवायचं त्या पेटीत उपाशी होत्या. मी नसले तरी तिकडे घर चालू आहे, असं मी धरून चालले होते.

लेकाला म्हटलं, गाडी काढ, पेटी आणायची. तो म्हणाला, "अन् वेशीचं काय, आई?"

"वेशीच्या आत उपाशी ठेवू का त्यायले? चाल."

गावातल्यांनो, महालक्ष्म्या वेशीबाहेर नेल्या म्हणून तुम्ही मला नावं ठेवता, ते कानावर येतं. ठेवा. पण पेटी जावेनं स्वतः उचलून गाडीत ठेवली, हेही ऐका.

भादव्यात त्यांना भनपुरीत उभं केलं. सुनेनं गोल बाजारातून साड्या आणल्या. मिनी भाज्या चिरताना एकेकीचं इंग्रजी नाव सांगत होती, अंबाडीवर अडली. दुपारपर्यंत दोघी महालक्ष्म्यांच्या तोंडावर ट्रकची धूळ बसली. मी ओल्या फडक्यानं पुसली.

हळदीकुंकवाला शेजारची छत्तीसगढी बाई आली. बराच वेळ पाहत उभी राहिली. "दाई, ये मन कहाँ के आय?" ह्या कुठल्या, असं विचारत होती.

गावाचं नाव तोंडापर्यंत आलं होतं. मी म्हणाले, "इहाँ के."