पोटाचं औषध

बाळंतपणानंतर आईला ताप येऊ लागला. सोलापुरातल्या आमच्या चाळीत बायका दवाखान्यात जात नसत. गिरणी सुटली की वडीलच रिकामी बाटली घेऊन जायचे, दुखणं सांगायचे आणि औषध भरून आणायचे. तीन बाटल्या संपल्या, तरी ताप हटेना. मला त्या बाटलीचाच राग यायचा.

शेवटी आई उठली. "दुखणं माझं हाय, मीच सांगते की," म्हणाली आणि माझा हात धरून निघाली. वडील बाटली घेऊन मागून आले.

डॉक्टरांनी विचारलं, "पोट अजून दुखतंय?"

"पोट?" आईनं वडिलांकडं बघितलं. "छातीला गाठ आलीया. लेकराला पाजता येईना."

वडिलांनी मान खाली घातली. परक्या माणसापुढं बायकोच्या छातीचं नाव घ्यायला ते लाजले होते.

गाठ बरी झाली. तिथून पुढं दवाखान्यात आईच बोलायची. वडील बाटली धरायचे.