आखाजीच्या दुपारी थांबलेलं माकड

या ग्रुपवरचे जुने मेंबर मला चांगले ओळखतात. कुणी लिहिलं की बंद खोलीतला पंखा आपोआप फिरायला लागला, की खाली माझी कॉमेंट ठरलेली — "रेग्युलेटर बदलून घ्या." कुणाला आरशात बाई दिसली, तर "चष्म्याचा नंबर तपासा." त्यापायी दोघा-तिघांनी मला ब्लॉकसुद्धा केलंय, आणि त्यांचं काही चुकलं नाही. पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकलो, जळगावला इन्व्हर्टर दुरुस्त करण्यात आयुष्य गेलं. वायर तुटल्याशिवाय दिवा जात नाही, एवढंच माझं तत्त्वज्ञान. भुताखेतांवर विश्वास नव्हता... आजही नाही. आज मात्र माझीच गोष्ट सांगतोय, तेव्हा हसायचं त्यांनी खुशाल हसा. मी तरी तुम्हाला कुठं सोडलं होतं?

आमचं मूळ घर धुळ्याचं. आग्रा रोडला आमची रसवंती होती. पुढे दुकान, मागे घर, मधे गोणपाटाचा पडदा. आबा म्हणजे माझे वडील उसाच्या चरकावर, आई आतबाहेर, आणि सुशीताई गल्ल्यावर. ताई माझ्याहून मोठी. आमचे शेजारी रहीमचाचा रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्यांनी मुंबईहून एक जुनं व्हिडिओ गेमचं मशीन आणलं. तेच ते, लाकडी कपाटाएवढं, नाणं टाकून खेळायचं. त्यांच्या दुकानात ते मावेना, म्हणून आमच्याकडे चरकाशेजारी ठेवलं. गिऱ्हाईक रस पिईल आणि गेमही खेळेल, असा दोन्ही घरांचा हिशोब.

गेम अगदी साधा. केळीच्या बागेत एक माकड. शिड्या चढायच्या, घड तोडायचे, आणि एक मोठा पक्षी मागे लागतो त्याच्यापासून वाचायचं. रावेरकडचे केळीचे ट्रक रोज दारावरून जायचे, त्यामुळे आम्हाला तो गेम आपल्याच गावात बनवल्यासारखा वाटायचा.

पण मशीनची डावी बाजू चरकाकडे होती. दिवसभर रसाचे शिंतोडे उडायचे, वर मुंग्या. आठवड्याभरात माकड फिरवायचा दांडा, म्हणजे जॉयस्टिक, डावीकडे वळेनासा झाला. रहीमचाचा उघडून साफ करायचे, चार दिवसांत परत तेच. मशीन दुसरीकडे हलवावं हे दोन्ही घरांत कुणालाच सुचलं नाही, तेव्हा आमच्या अकलेचा अंदाज तुम्हीच करा! मग पोरांनी तोड काढली. त्या गेममध्ये माकड पडद्याच्या उजव्या कडेनं बाहेर गेलं की डाव्या कडेनं आत यायचं. मागे राहिलेला घड घ्यायचा तर डावीकडे वळायचंच नाही. सरळ उजवीकडे चालत सुटायचं, बाहेर पडायचं, आणि फिरून यायचं. आमच्या रसवंतीत खेळलेला प्रत्येक जण असाच खेळायचा. बाहेरगावचा कुणी डावीकडे दांडा ओढायला लागला की आम्ही एकमेकांकडे बघून हसायचो.

ताई दुपारी खेळायची. वैशाखात धुळ्याचा रस्ता दुपारी ओस पडतो, तेव्हा आबा दुकानाची ताडपत्री खाली सोडून तिला म्हणायचे, "खेळ आता." गिऱ्हाइकांसमोर पोरीनं मशीनवर उभं राहिलेलं त्यांना आवडायचं नाही, पण तिचा जीव त्यात आहे हेही त्यांना ठाऊक होतं. ती बठ्ठे, म्हणजे सगळे, घड तोडायची, शेवटचा सोडून. त्या शेवटच्या घडाखाली एक जागा होती, जिथं पक्षी पोचायचा नाही. तिथं माकड उभं करायची आणि दांडा वर मारत राहायची. टुक-टुक... टुक-टुक. माकड दोन उड्या मारायचं, थांबायचं, परत दोन उड्या. आणि ताई ओरडायची, "माय, ये लवकर!"

आई कणकेचे हात पदराला पुसत बाहेर यायची. तिला त्या गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं. पडद्याकडे बघून म्हणायची, "आते खाय ले, बेटा." मग ताई तो घड घ्यायची. आईनं म्हटल्याशिवाय तो घड अंगी लागत नाही, असं ती म्हणायची. मला हा सगळा चावटपणा वाटायचा. मी आपला माझा नंबर कधी येतो याची वाट बघत बसायचो.

पुढे ताईचं लग्न झालं. सोनगीरला दिली. सोनगीर म्हणजे किती लांब, तर आमच्या दारातून एसटी धरली की रसाचा घोट तोंडात असतानाच पोचाल. मशीनही रहीमचाचांनी विकून टाकलं.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो... आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, लेकी माहेरी येतात. माहेरचं कुणीतरी आणायला जातं, ती आपणहून येत नाही. झोके बांधतात, सांजोऱ्या तळतात, आंब्याचा रस त्या दिवशी पहिल्यांदा ताटात पडतो. ताईच्या लग्नानंतरच्या दुसऱ्या आखाजीला तिला आणायला कुणी गेलंच नाही. रसवंतीचा ऐन मोसम, आबांना ताप, मी परीक्षेसाठी जळगावला. आई म्हणाली, पावसाळा लागला की निवांत आणू. पावसाळा लागला, आणि ताईला कावीळ झाली. निरोप आला तेव्हा आई पहिल्या गाडीनं गेली. तिथं पोचली तोवर सगळं आटोपलं होतं.

त्यानंतर आईनं आंबा तोंडात घातला नाही. दरवर्षी आखाजीला सगळ्यांना रस करून वाढायची आणि स्वतः पाणी घेऊन बसायची. आबा समजावून थकले, शेवटी त्यांनी विषय काढणं सोडलं. एकदा मी फारच मागे लागलो तर म्हणाली, "मी तिले लेवाले कोनले धाडं नही. ती मनावर रुसेल शे. ती येत नही तवलोंग माले रस गोड लागाव नही." ताईला जाऊन वर्षं लोटली होती, आणि ही, आणायला कुणाला धाडलं नाही म्हणून ती आपल्यावर रुसलीय असं धरून, तिच्या येण्याची अट घालून बसलेली! मला राग यायचा, आणि रागाखाली रडू.

आता मुख्य गोष्ट. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी आखाजीसाठी धुळ्याला आलो होतो. रहीमचाचांचा मुलगा अनिस, माझा बालमित्र, दुबईहून सुट्टीवर आलेला. सणाच्याच दिवशी भर दुपारी तो ताडपत्रीखालून वाकून आत आला आणि हातातली वस्तू माझ्यापुढे धरली. "भाऊ, पहचान तो सही!"

हातात मावणारा व्हिडिओ गेम होता, रंगीत पडद्याचा. तेव्हा इकडे असले गेम कुणी पाहिले नव्हते. कंपनीनं जुन्या मशीनवरचे गेम या नव्या खेळण्यासाठी परत काढले होते, आणि एका छोट्या कॅसेटमध्ये आमचं माकड होतं! तीच बाग, तोच पक्षी, तीच टुक-टुक. मी खरंच वेड्यासारखा हसत सुटलो. पडद्याला आतून दिवा नव्हता, म्हणून ताडपत्रीच्या फटीतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात धरून खेळावं लागे. आणि गंमत म्हणजे या खेळण्याचं डावं बटण एकदम झकास होतं, तरी माझा अंगठा तिकडे जाईना. अनिसचंही तेच. "आपुन तो राइटवाले," तो म्हणाला.

तेवढ्यात उसाची गाडी आली. मी गेम गल्ल्याच्या टेबलावर उन्हात ठेवला आणि आम्ही दोघं मोळ्या उतरवायला लागलो. या गेममध्ये कुणी खेळत नसलं की मशीन स्वतःच थोडं खेळून दाखवतं, गिऱ्हाइकाला भुरळ पाडायला. तो डेमो मी येता-जाता बघत होतो. माकड सुरुवातीलाच डावीकडे वळायचं, एक घड तोडायचं, आणि पक्षी त्याला गट्ट करायचा. मग नाव झळकायचं, परत तेच. अगदी मूर्ख माकड होतं.

मोळी खांद्यावर घेऊन मी आत आलो तेव्हा माकड उजवीकडे चाललं होतं.

मला वाटलं दुसरा डेमो असेल. ते उजव्या कडेनं बाहेर गेलं आणि डावीकडून आत आलं. मागे राहिलेला घड घेतला. परत उजवीकडे, परत बाहेर, परत आत. डावीकडे एकदाही वळलं नाही. मी मोळी तशीच खांद्यावर घेऊन उभा. अनिस मागून आला, त्याच्याही दोन्ही हातांत ऊस. त्यानं पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "ये कौन खेल रहा है?" तो हळूच म्हणाला.

बठ्ठे घड संपले, शेवटचा राहिला. माकड त्या घडाखाली गेलं आणि थांबलं. पक्षी वरून घिरट्या घालत होता.

टुक-टुक... टुक-टुक.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, पण भीती म्हणाल तर नव्हती. देवळाच्या गाभाऱ्यात अचानक घंटा वाजावी तसं काहीतरी झालं. हात जोडावेसे वाटले, पण खांद्यावर ऊस होता. आईला हाक मारावी हेसुद्धा सुचलं नाही.

गोणपाटाचा पडदा हलला. आई बाहेर आली, कणकेचे हात पदराला पुसत. आमच्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. सरळ टेबलाशी गेली, वाकली, आणि लेक दारात आली की 'आलीस का गं' विचारतात तशी, इतकी वर्षं न ऐकलेल्या आवाजात म्हणाली, "उनी का वं?"

टुक-टुक.

"आते खाय ले, बेटा."

माकडानं उडी मारली आणि घड घेतला. ती जुनी धून वाजली, पडदा क्षणभर कोरा झाला, आणि परत गेमचं नाव आलं.

आई तिथंच स्टुलावर बसली. रडेल असं वाटलं होतं, ती रडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "रुसेल नव्हती रे ती." मग थोड्या वेळानं, "आंबा काढ. रस करस मी."

त्या दुपारी तिनं दोन वाट्या भरल्या. एक टेबलावर त्या खेळण्याशेजारी ठेवली, दुसरी स्वतः खाल्ली, बोटानं निपटून. आबा दारात उभे राहून बघत होते. मग डोळे पुसत आत गेले.

आता तुमच्या कॉमेंट येण्याआधीच सांगतो. बटण अडकलं असेल? अडकलेलं बटण एकाच दिशेला नेतं, शिडी चढवून पक्ष्याला चुकवत नाही. दुसरा डेमो असेल? अनिस आणि मी त्याचे सेल संपेपर्यंत तो डेमो बघत बसलो. मूर्ख माकड दर वेळी डावीकडे वळलं आणि दर वेळी मेलं. तो गेम अनिसनं मलाच देऊन टाकला. मी तो खोलून साफ केला, सोल्डरचा एकेक टाका तपासला. काही सापडलं नाही. आजही आखाजीला त्यात नवे सेल घालतो आणि उन्हात ठेवतो. माकड डावीकडेच वळतं.

आणि एक गोष्ट, जी मला त्या दिवशी लक्षातच आली नव्हती. पुढच्याच महिन्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू इतके पिकले होते की यांना समोरच्या माणसाचा चेहरासुद्धा धड दिसत नसणार. डोळ्यांची पट्टी निघाल्यावर मी घरी आईला विचारलं, मग तुला तो एवढासा पडदा कसा दिसला? शेवटचाच घड राहिलाय हे कसं कळलं?

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माले काय दिसनं? काहीच नही. तिनी हाक मारी, मी उनू."

अनिसनं आणि मी, आम्ही दोघांनी फक्त टुक-टुक ऐकली होती.