नागपूर लागत नाही

स्वस्थ बसणं मला कधी जमलं नाही. आजही वर्तमानपत्र वाचताना माझा पाय हलत असतो आणि समोर घड्याळ दिसलं की ते उघडून पाहावंसं वाटतं. आई म्हणायची, "लोकायच्या पायाले भिंगरी असते, याच्या हाताले हाये." घरात माझ्या हातून वाचलेली वस्तू एकच, ती म्हणजे बाबांची पूजेची घंटा. तीही वाचली, कारण तिच्यात उघडण्यासारखं काही नव्हतं.

साठ सालच्या आगेमागे अमरावतीला मी रेडिओ बांधायला घेतला. तेव्हा मी कॉलेजात इंटर सायन्सचं तेच वर्ष दुसऱ्यांदा करत होतो. वडील भिक्षुकी करत. सत्यनारायण, लग्नं, मुंजी, श्राद्धपक्ष यांतून घर चालायचं. तयार रेडिओ घरात येण्याची बातच नव्हती. पण बाजारात लष्करी भंगार येई. त्यातून ट्रान्सफॉर्मर, कॉइल, स्पीकर असं एकेक जमवत गेलो. पत्र्याचा सांगाडा मी स्वतः कापला आणि त्यात बोटही कापलं. नऊ महिने कथिलाचे डाग देत होतो. आईच्या पोळपाटावर त्यातला एक डाग कायमचा राहिला.

भाद्रपदात सेट बोलला. पाचही व्हॉल्व्हचे काचेचे दिवे लाल झाले, स्पीकरमधून आधी घरघर आली, मग बाईचा आवाज आणि मग कांद्याबटाट्याचे भाव. नागपूर! मी ओरडलो. आई पिठाचे हात घेऊन धावत आली. बाबा बंगईवर झोके घेत पंचांग बघत होते. ते म्हणाले, "खोकं बोलते वाटते," आणि पुन्हा पंचांगात शिरले. मला राग आला. नऊ महिन्यांत त्यांनी त्या सेटकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं. पेटी करणारा सुतार रोज 'उद्या' म्हणत होता, म्हणून सेट बैठकीतल्या टेबलावर उघडाच होता. त्याच्यावर मी माझं जुनं धोतर टाकून ठेवायचो.

नवरात्रात आत्याचं पोस्टकार्ड आलं.

आत्या ही बाबांची धाकटी बहीण. लवकर विधवा झाली आणि आमच्याकडेच राहायची. शिकली, ट्रेनिंग केलं आणि अकोल्याच्या मुलींच्या शाळेत नोकरी धरली. तिथे एकटी खोली घेऊन राहायला लागली. भावाचं घर असताना बहीण भाड्याच्या खोलीत राहते, हे बाबांच्या मनाला इतकं लागलं की त्यांनी तिच्याशी बोलणंच टाकलं. चार भाऊबिजा तशाच गेल्या. पत्रं आईच्या नावावर यायची. आई ती स्वयंपाकघरात वाचायची, पण आवाज बैठकीपर्यंत जाईल इतका मोठा ठेवायची.

हेही पत्र तिने तसंच वाचलं. दसऱ्यानंतरच्या गुरुवारी दुपारी, बायकांच्या कार्यक्रमात, आत्या नागपूर रेडिओवर बोलणार होती. विषय होता संत्र्याच्या सालींचं लोणचं. ते लोणचं आत्याच्याच हातचं. ती गेल्यापासून आईने दोनदा घातलं आणि दोन्ही वेळा ते कडूजहर झालं. बाबा त्याला हात लावत नसत.

पत्र संपलं. बैठकीतल्या बंगईची करकर थांबली होती.

आई दबक्या आवाजात मला म्हणाली, "तुह्या खोक्यावर लागन ना रे नागपूर?"

"लागते म्हणजे? रोज लागते."

"मंग त्या दिवशी त्यायच्या कानावर पडलं पाहिजे. मी नाही सांगणार, तू बी नको सांगू. फक्त लाव. बहिणीचा आवाज ऐकून माणूस किती दिवस दगड राहीन?"

त्या क्षणापासून माझा सेट माझा राहिला नाही. तो आईचा झाला. मला ते आवडलंही आणि त्याचं ओझंही झालं.

खांडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा असते. आईने विळी, अडकित्ता, पावशी, कुऱ्हाड असं सगळं मांडलं आणि कुंकवाचा करंडा घेऊन सेटकडे वळली. मी आडवा आलो. "यंत्राले हळदीकुंकू लागत नाही, करंट लागते," असं काहीतरी बोललो. स्वतःच्या त्या वाक्यावर मी इतका खूश झालो की दिवसभर मित्रांना ऐकवत फिरलो. संध्याकाळी आलो तेव्हा सेटवर धोतर होतं तसंच होतं.

दसऱ्याला सकाळी नागपूर गेलं.

सेट चालू होता. डायलच्या एका टोकाला गाणी यायची, बोलणं यायचं. सुई नागपूरकडे नेली की खर्रर्र आणि मग काहीच नाही. परत मागे आणली की गाणी. मी एरियल बदलली, छपरावर बांबू उंच केला. जमिनीत पुरलेली अर्थची तार उकरून पुन्हा पुरली आणि वर बादलीभर पाणी ओतलं. व्हॉल्व्ह काढून पुसून बसवले. कॉइलचे सगळे डाग उकलून नव्याने दिले. जेवायला बसलो की मध्येच एखादी कल्पना सुचायची आणि तसाच खरकट्या हाताने उठायचो. झोप येईना. गुरुवारपर्यंतच्या आठ दिवसांतले चार असे गेले.

चौथ्या दिवशी मी आईवर घसरलो. "तूच शिंपडलं असन काहीतरी! नाही म्हटलं होतं ना मी?" ती म्हणाली, "देवाशप्पथ नाही रे." मी म्हणालो, "मग बिघडला कसा?" ती पदराने डोळे पुसून भाजी चिरायला बसली. त्या बोलण्याची लाज मला आजही वाटते. तेव्हा नाही वाटली. तेव्हा डोक्यात फक्त नागपूर होतं.

दुसऱ्या दिवशी सेट धोतरात गुंडाळला आणि अकोल्याची एस.टी. धरली. तिथे ताजनापेठेच्या अंगाला एक म्हातारा मेकॅनिक होता, त्याचं नाव अमरावतीपर्यंत पोचलेलं. रस्ताभर सेट मांडीवर. प्रत्येक खड्ड्याला मी तो वर उचलून धरत होतो. मूर्तिजापूरला शेजारच्याने विचारलं, "गाठोड्यात काय हाये, भाऊ? कोंबडी?" मी गाठोडं जवळ ओढलं.

मेकॅनिकने दोन्ही बाजूंनी सेट पाहिला आणि विचारलं, "गँग पाहिला का?"

गँग म्हणजे स्टेशन बदलायचा भाग. त्यात ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांचे दोन संच असतात. एक जागचा हलत नाही, दुसरा डायल फिरवला की त्याच्या फटींत शिरतो. पात्याला पातं टेकता कामा नये. टेकलं की सेट मुका. नागपूरसाठी ती पाती जवळजवळ पूर्ण आत जावी लागत.

"नवा हाये," मी फणकाऱ्याने म्हणालो. "माह्या हातानं बसवला."

त्याने खांदे उडवले, तार जोडली आणि सुई फिरवली. नागपूर लागलं. स्वच्छ, खणखणीत. त्याने तीनदा पुढेमागे करून पाहिलं.

"सेट तर मस्त हाये, साहेब. तुमच्या घरची हवा खराब असन," तो म्हणाला आणि दुसऱ्याचा पंखा उघडायला घेतला.

मी आनंदाने वेडा झालो. खरं तर तिथेच बसून 'का' विचारायला हवं होतं. आपोआप दुरुस्त झालेला बिघाड आपोआप परत येतो, हे मी पुढे आयुष्यभर लोकांना सांगत आलो. पण त्या दिवशी मी सेट उचलला आणि तडक आत्याच्या खोलीवर गेलो.

तिच्या खोलीत एक खाट, एक ट्रंक आणि खिडकीत बरण्या होत्या. ती दुसऱ्या दिवशी नागपूरला निघणार होती. वहीत सगळं भाषण लिहून काढलेलं, तेही शाळेतल्या फळ्यावरच्या अक्षरात. तिने मला लाडू दिला आणि सेटकडे बघत राहिली.

"वाजते का रे हा?"

"वाजते."

ती बराच वेळ वहीची पानं सारखी करत राहिली. मग म्हणाली, "दादा ऐकन का?"

"ऐकन. मी ऐकवतो."

असा शब्द मी तिला दिला. घरी येऊन तार जोडली आणि सुई फिरवली, तर खर्रर्र आणि मग काहीच नाही.

गुरुवार उजाडला. बाबांना त्या दिवशी दोन घरची पूजा होती. ते अकराच्या आत परत आले. एवढ्या लवकर ते कधीच येत नसत. उपरणं खुंटीला टांगलं आणि पंचांग घेऊन बंगईवर बसले. आई दाराच्या चौकटीशी तांदूळ निवडत उभी होती. उभ्याने कोणी तांदूळ निवडत नाही.

कार्यक्रमाची वेळ झाली. मी सुई नेली, मागे आणली, पुन्हा नेली. घाम मानेवरून पाठीत उतरत होता. पाच मिनिटं गेली. दहा गेली. बाबांनी पंचांगाचं पान एकदाही उलटलं नव्हतं. मी एरियलची तार हातात धरली, व्हॉल्व्ह दाबले, आणि शेवटी संताप अनावर होऊन सांगाड्याच्या कुशीत खाडकन तळहात मारला.

"...बरणीच्या तोंडाला स्वच्छ फडकं बांधावं," आत्याचा आवाज खोलीत आला, "आणि आठ दिवस रोज हलवावी. घाई केली तर सालींचा कडूपणा जात नाही. नमस्कार."

मग संगीत लागलं. आई सूप धरून तशीच उभी. बाबांची नजर स्पीकरवर होती.

"एवढंच?" ते म्हणाले.

"संपलं," मी म्हणालो. मला रडू येत होतं. मी बटण बंद केलं, तार ओढून काढली आणि तो सेट उलटा करून गदागदा हलवला. टेबलावर टक् असा बारीक आवाज झाला.

तांदळाचा एक दाणा होता. अख्खा, कुंकवाने लाल झालेला. अक्षत होती ती. गँगच्या पात्यांत अडकून बसली होती, आणि पाती पूर्ण आत गेली की एका पात्याला दुसऱ्यावर रेटत होती. एस.टी.च्या धक्क्यांनी ती जाताना सरकली असणार आणि येताना परत अडकली असणार.

मी आईकडे पाहिलं. तिने नकारार्थी मान हलवली. मग आम्ही दोघांनी एकदमच बंगईकडे पाहिलं.

बाबा उठून टेबलापाशी आले. तो दाणा त्यांनी उचलून तळहातावर घेतला.

"तू नवमीले बाहेर गेला होता," ते म्हणाले. "विळी झाली, कुऱ्हाड झाली, माह्या पोथ्या झाल्या. घरात हेच एक पूजेविना राहिलं होतं. नऊ महिने खपला तू त्याच्यावर. मले काई बरं वाटलं नाही. धोतर बाजूले केलं अन् चार अक्षता टाकल्या."

मला ओरडायचं होतं. तोंड उघडलंही. पण नऊ महिने त्यांनी मोजले होते, हे डोक्यात शिरलं आणि मी ते मिटलं. चार म्हणाले ते. उरलेल्या तीन आम्हाला कधीच सापडल्या नाहीत.

"ती नागपूरहून परत कधी येते?" त्यांनी विचारलं. कोण, ते आम्ही विचारलं नाही.

"उद्या संध्याकाळी," आई म्हणाली.

"लिहून आणलं असन ना तिनं? का असंच बोलते?"

"वही हाये तिच्याजवळ," मी म्हणालो. "सगळं लिहिलं हाये."

त्यांनी दाणा देवघरात नेऊन ठेवला आणि तिथूनच विचारलं, "परवा अकोल्याची पहिली मोटार किती वाजता हाये?"

शनिवारी ते पहाटे गेले. दिवसभर मी घरात येरझारा घातल्या. नागपूर आता सुई नेली की लगेच लागत होतं, पण सेट लावावासा वाटेना. ते दिवे लागायच्या सुमारास आले. पिशवीतून एक बरणी काढून आईच्या हातात दिली. तोंडाला स्वच्छ फडकं बांधलं होतं.

"सगळं ऐकलं," ते म्हणाले. "दोनदा वाचाले लावलं."

"अजून काय बोलली? तुमी काय म्हटलं? भाऊबिजेले येते का?" मी विचारतच सुटलो.

"बैस जरा," बाबा म्हणाले आणि बंगईवर स्वतःच्या शेजारची जागा हाताने झाडली.

मी बसलो.