तांदळाचं ताट

"तुम्ही नुसतं ताट धरा. पोरांचे हात मी धरते."

मोठ्या बाई सगळ्या वर्गासमोर बोलल्या. वसंत पंचमी होती. बनारसला दूधविनायकाजवळच्या गल्लीत आमची छोटी शाळा. तिथली रीत अशी, की बालवर्गातल्या पोरांनी जुलैपासून नुसती गाणी म्हणायची, बोलायचं, आणि वसंत पंचमीला तांदळाच्या ताटात पहिलं अक्षर काढायचं. बोट पोराचं, हात वर्गाच्या बाईचा. वर्गाची बाई मी. पण हात माझा नको.

का नको, ते मला माहीत होतं. आठ दिवसांपूर्वी मी तापाने पडले होते. नवरा रेल्वेत, म्हणून आम्ही क्वार्टरात राहायचो. मोठ्या बाई तिथे बघायला आल्या. भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या फोटोकडे त्यांनी पाहिलं. चहा तसाच ठेवून उठल्या. तोवर मी त्यांना 'आपल्या नागपूरकडची' होते. मीही कधी खुलासा केला नव्हता. नोकरी टिकावी म्हणून गप्प बसले, खोटं कशाला सांगू.

आणि हा वर्ग उभा कुणी केला? बंगाली, तेलुगू, नेपाळी, गल्लीतली भोजपुरी, दोन-चार आपली मराठी. पहिला महिना नुसती रडारड. कोण कशासाठी रडतंय तेच कळेना. मी त्यांच्या आयांना दारात गाठून एकेक शब्द शिकले. तहान लागली की कुणी जोल म्हणायचं, कुणी नीळ्ळु. मी सगळ्यांना पाणी दिलं.

त्या दिवशी मात्र ताट धरून उभी राहिले. हात भरून आले तरी उभीच. एकेक पोर बसायचं, 'श्री' काढून उठायचं, माझ्याकडे बघून हसायचं. मला हसता येईना.

शेवटी फुलमती उरली. तिचा बाप डोम, मणिकर्णिका घाटावर चिता रचायचा. ती दाराशी एकटी बसायची. तिच्या चटईवर कुणी बसत नसे.

मोठ्या बाईंनी हात पदराला पुसले. "हिचा हात तुम्ही धरा. तुमच्यातलीच आहे."

मला राग आला. कशाचा आला, ते आज लपवत नाही. डोमाच्या पोरीबरोबर मला एका पंगतीत बसवलं, याचा आला. कुठे मी, कुठे ही!

पोरीने बोट पुढे केलं होतं. घासून घासून लाल केलेलं. "बहिनजी, हम नहा के आयल हई," ती म्हणाली.

थोबाडीत बसल्यासारखं झालं. पाच वर्षांची पोर. आंघोळ करून आले म्हणून सांगत होती, आणि तेही मला. माझी आई शाळेच्या दारात मला पुढे करून असंच बोलली होती. "धुवून आणलीय हो, गुरुजी." ते मी विसरले होते. विसरले कसली, गाडून टाकलं होतं.

मी खाली बसले. ताट मांडीवर घेतलं. तिचा हात धरून तिचं नाव काढलं. मग बाकीच्यांना ज्याच्या त्याच्या बोलीत हाक मारली. एशो. रा. आवा. ये. सगळी धावत आली. एकेकाचा हात धरला, एकेकाचं नाव काढलं.

"ठेवा ते ताट. तांदूळ बाटले," मोठ्या बाई म्हणाल्या. "उद्यापासून येऊ नका."

"येणार," मी म्हटलं. "काढायचं असेल तर लिहून द्या. कारण हेच लिहा."

त्यांनी कधीच लिहून दिलं नाही. दुसऱ्या दिवशी घंटेच्या आधी मी शाळेत होते. फुलमतीची चटई दाराशी होती, ती उचलून वर्गाच्या मधोमध टाकली. दोन आया आपापली पोरं घेऊन गेल्या. मी अडवलं नाही, चटईही हलवली नाही.

आता कुणी गाव विचारलं की मी आधी जात सांगते, मग गाव. आणि ताट कुणाचंच धरत नाही.